ओळखीचा डॉक्टर मिळेल का?

*पेठ तालुक्यात दहापैकी नऊहून जास्त माणसं आदिवासी आहेत. तिथल्या दवाखान्यात खुर्चीवर कोण बसतं, यावर तिथल्या बायका-पोरांचं बरंच काही अवलंबून आहे. आणि हो, याचा तुमच्याशीही संबंध आहे.*

नव्या शहरात जॉबसाठी शिफ्ट झालात की पहिल्या महिन्यात तुम्ही काय काय शोधता? चांगली मेस, इंटरनेट कनेक्शन, लाँड्रीवाला... आणि पहिल्यांदा ताप आला की ‘ओळखीचा डॉक्टर’. हैदराबादला असाल तर ऑफिसातल्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकता, ‘कोणी मराठी डॉक्टर आहे का रे जवळपास?’ मुलगी असाल तर लेडी डॉक्टरच हवी असते. तिच्यासमोर पाळीबद्दल बोलताना शब्द शोधावे लागत नाहीत, आणि ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न ती जरा बऱ्या सुरात विचारेल अशी आशा असते.

आपण याला चॉइस म्हणतो, कम्फर्ट म्हणतो. आता जरा कल्पना करा, की हा चॉइस तुम्हाला कधीच मिळाला नाही. तुम्हालाही नाही, तुमच्या आईलाही नाही आणि आजीला तर नाहीच. आयुष्यात जेव्हा जेव्हा दवाखान्याची पायरी चढलात, तेव्हा समोरचा माणूस वेगळी भाषा बोलणारा, वेगळं खाणारा आणि बदलीची वाट बघणारा होता!

ही ती पेठ नव्हे

‘पेठ’ म्हटलं की पुणेकरांना सदाशिव आणि नारायण आठवणार. आपण बोलतोय त्या पेठविषयी, जे नाशिकहून साधारण ५५ किलोमीटरवर आहे. पंचवटीतला पेठ फाटा ओलांडायचा, सावळ घाट आणि कोटंबी घाट उतरायचे आणि गुजरातच्या सीमेकडे निघायचं. पावसाळ्यात हा रस्ता म्हणजे फोटोग्राफर मंडळींचा स्वर्ग. धबधबे, धुकं, नागली आणि वरईची हिरवीगार शेतं. वीकेण्डला बाइक काढून जाऊन आलेले तुमच्यातही काही जण असतील.

पण पाऊस सरला, भात-नागली काढून झाली, दिवाळी झाली की या तालुक्यातली असंख्य कुटुंबं घाट चढून वर येतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये, नाशिकच्या बांधकामांवर. वायनरीत जाऊन ज्या वेलींसमोर आपण सेल्फी काढतो, त्यांच्यासारख्या बागांमध्ये छाटणी, बांधणी, विरळणी करणारे बरेचसे हात पेठ-सुरगाण्याचे असतात.

इथे कोकणा, महादेव कोळी, वारली, कोळी मल्हार, कातोडी असे समाज राहतात. त्यांच्या बोली घरात आणि पाड्यावर चालतात. शाळेतली मराठी पुस्तकातली आणि दवाखान्यातली मराठी त्याहून वेगळी. कागदोपत्री सगळे ‘मराठी भाषक’, प्रत्यक्षात मात्र ‘कुठे दुखतंय, कसं दुखतंय’ हे सांगायचं तर मनातल्या मनात भाषांतर करायचं. त्यात समोरच्याने वैतागून ‘इतके दिवस काय झोपला होतात का?’ म्हटलं, की पुढच्या वेळी पेशंट आधी भगताकडे जाणार आणि अगदीच गळ्याशी आलं तरच दवाखान्यात. मग आपण पेपरात वाचणार, ‘अंधश्रद्धेचा बळी’. जरा थांबा. अंधश्रद्धा असेलही, पण त्यात अपमानाची भीती किती होती, हे कधी कोणी मोजतं का?

आनंदीबाईंचा फंडा

‘आपल्यातला डॉक्टर हवा’ ही मागणी काही नवीन नाही. मराठी माणसाला तर ती १४० वर्षांपासून माहीत आहे. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्याआधी आनंदीबाई जोशींनी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) कॉलेजात एक भाषण केलं होतं. लोक त्यांना विचारत होते, कशाला चाललीस? त्यांचं उत्तर साधं होतं. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, कारण बायका पुरुष डॉक्टरांपुढे मोकळेपणाने बोलत नाहीत. १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या. आज हा मुद्दा आपल्याला इतका पटलेला आहे, की त्यावर वाद घालणारा माणूस विचित्र वाटेल.

मग हाच तर्क पेठच्या पाड्यावरच्या बाईला लावला, की लगेच ‘पण मेरिटचं काय?’ हा प्रश्न का येतो?

शिडी नीट बघा

सरकारी आरोग्यसेवेची रचना शिडीसारखी आहे. सगळ्यात खालच्या पायरीवर आशा स्वयंसेविका. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हा ही कल्पना देशभर आली. त्याआधी आदिवासी भागात पाडा स्वयंसेवक होतेच. आशाताई त्याच गावची असावी हा नियमच आहे. एरवी हजार लोकसंख्येला एक आशा, डोंगराळ आदिवासी भागात वस्तीगणिकही नेमता येते.

त्यावरच्या पायरीवर उपकेंद्र, तिथे एएनएम म्हणजे आपल्या नर्सबाई आणि आरोग्यसेवक. आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे. त्यावर २० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे मेडिकल ऑफिसर. मग ग्रामीण रुग्णालय, मग नाशिकचं सिव्हिल.

गंमत बघा. सगळ्यात कमी पैसे, सगळ्यात कमी अधिकार आणि सगळ्यात जास्त पायपीट ज्या पायरीवर आहे, तिथे ‘स्थानिकच हवी’ हा नियम आहे. शिडीवर एकेक पायरी वर चढत जा, तो नियम पातळ होत जातो. मेडिकल ऑफिसर राज्यातल्या कुठल्याही टोकाचा असू शकतो. म्हणजे गावातली बाई घरोघर फिरायला चालते, निर्णय घ्यायला मात्र बाहेरून माणूस येतो.

बरं, आशाताईला पगार नाही, ‘मोबदला’ असतो. ती कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार देऊन गौरव केला. आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मुंबईत आझाद मैदानावर मोबदल्यासाठी ठाण मांडून बसल्या होत्या. त्यानंतर राज्याने महिन्याला ५ हजारांची वाढ दिली. तुमच्या अप्रेझलला एचआरने टाळ्या वाजवल्या आणि पगार वाढवायला रस्त्यावर बसायला लावलं, तर कसं वाटेल?

हे खरंच चालतं का?

चालतं. आणि त्याचे पुरावे आहेत.

आपल्याच राज्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावोगावच्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला उबेत ठेवणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणंसुद्धा! फार शिकलेल्या नव्हत्या त्या. पण तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला आणि २०११ पासून बाळंतपणानंतर आशाताईने घरी जाऊन बाळ तपासायचं, हे देशाचं धोरण झालं. आता दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर पहिल्या ४२ दिवसांत ती ६ वेळा घरी येते.

बाहेरच्या जगातही हेच दिसलंय. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये काही अर्थतज्ज्ञांनी एक भन्नाट प्रयोग केला. सलूनमधून आणि बाजारांतून कृष्णवर्णीय पुरुषांना मोफत तपासणीला बोलावलं. कोणाला कोणता डॉक्टर मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. कृष्णवर्णीय डॉक्टर मिळालेले पुरुष डायबिटीस आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्यांना जास्त तयार झाले. सुई टोचायची असेल तेव्हा तर फरक आणखी मोठा होता. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या पुरुषांच्या हृदयविकाराच्या मृत्यूंमधली दरी यामुळे १९ टक्क्यांनी कमी होऊ शकेल, असा त्यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. औषध तेच, मशीन तेच. फरक पडला तो विश्वासाने.

आता हाच विश्वास सिकलसेलच्या बाबतीत लावून बघा. आदिवासी पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठा प्रश्न आहे. २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आहे. टेस्ट सोपी आहे. अवघड आहे ते त्यानंतरचं. ‘तुम्ही दोघंही वाहक आहात, लग्नाआधी विचार करा’ हे एखाद्या जोडप्याला सांगायचं! हे वाक्य परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं तर तो समाजावरचा शिक्का वाटतो. आपल्या बोलीत, आपल्यातल्या ताईने सांगितलं तर तो सल्ला वाटतो.

आणि स्थलांतराचं काय? सातव्या महिन्यातली गरोदर बाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर दिंडोरीला गेली. तिचं कार्ड पेठच्या उपकेंद्रात आणि ती कोणाच्या तरी बागेतल्या खोपीत. ती नेमकी कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या गावाला गेली हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं, शेजारच्या घरातून आलेल्या नर्सला असतं.

पाइपलाइन कुठे गळते?

‘मग व्हा ना डॉक्टर, रिझर्व्हेशन आहे की!’ असं कोणीतरी म्हणणारच. खरंय, महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण ९ टक्क्यांच्या वर आहे, तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवू. प्रश्न असा, की पेठच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी त्या सीटपर्यंत पोचते कशी?

आधी आश्रमशाळा. तालुक्यात शिक्षणाचं काम जुनं आहे. डांग सेवा मंडळ १९३७ पासून या भागात आहे. पण दहावीनंतर सायन्स घ्यायचं, तर चांगली लॅब आणि फिजिक्सचा चांगला शिक्षक जवळ हवा. मग नीट. २०१७ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते ही चांगली गोष्ट. पण कोटा-लातूर स्टाइलचा क्लास नाशिकला आणि त्याची फी तिच्या आईबापाच्या वर्षभराच्या मजुरीएवढी किंवा त्याहून जास्त.

समजा तेही जमलं. मग येते ‘व्हॅलिडिटी’. जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. ही व्यवस्था उगाच आलेली नाही. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा बळकावल्याची प्रकरणं राज्यात गाजली आहेत. मेडिकलच्या सीटवरूनच एक खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००० मध्ये कोर्टाने हलबा कोष्टी ही अनुसूचित जमात नाही असा निकाल दिला. त्या विद्यार्थ्याची पदवी तेवढी वाचली. पण चोरासाठी लावलेलं कुलूप घरच्या माणसालाही छळतं. १९५० पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात. आता ज्याच्या आजोबांनी शाळेचं तोंडच बघितलं नाही, त्याने आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून?

आणि समजा हेही झालं, तर पुढे असतं कॉलेज. डॉ. पायल तडवी आठवते? जळगावची, तडवी भिल्ल समाजातली. एमबीबीएस करून मुंबईला नायरमध्ये स्त्रीरोगशास्त्रात पोस्ट ग्रॅज्युएशन करत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आत्महत्या केली. तीन सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, त्यांनी तो नाकारला, खटला उभा राहिला. तिची आई आबेदा तडवी त्याच वर्षी रोहित वेमुलाच्या आईबरोबर सुप्रीम कोर्टात गेली. कॅम्पसवरचा भेदभाव रोखायला नीट यंत्रणा हवी, ही त्यांची मागणी. एवढे अडथळे पार करून जी पोचली, तिला टिकवणं हे प्रवेश देण्याइतकंच महत्त्वाचं आहे, हे पायलमुळे सगळ्या राज्याला कळायला हवं होतं.

नर्सच्या नोकरीसाठी उपोषण

डॉक्टरचं स्वप्न लांबचं. पण नर्सचं? एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा. इथे मात्र एक मोठी गोष्ट घडली होती. पेठ तालुका पूर्णच्या पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो. ९ जून २०१४ रोजी राज्यपालांनी घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून अधिसूचना काढली. अशा भागातली तलाठी, शिक्षक, आरोग्यसेवक, नर्स अशी काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांमधूनच भरायची. ‘स्थानिक’ म्हणजे कोण हेही स्पष्ट केलं. जे स्वतः, किंवा ज्यांचे आईवडील वा आजी-आजोबा २६ जानेवारी १९५० पासून त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात राहतात ते. बोलीभाषेत हीच ‘पेसा भरती’.

शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पहिल्यांदाच ‘आपल्यातली’ नर्स हक्काने येणार होती. मग २२ एप्रिल २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने आंध्र प्रदेशातल्या शिक्षक भरतीच्या प्रकरणात अनुसूचित क्षेत्रातलं १०० टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. त्याचे पडसाद इकडे उमटले. महाराष्ट्रातल्या भरतीचा वाद कोर्टात गेला आणि परीक्षा पास झालेली मुलं-मुली ऑर्डरची वाट बघत घरी बसली.

ऑगस्ट २०२४ मध्ये सुरगाण्याचे माजी आमदार जे. पी. गावित नाशिकमध्ये उपोषणाला बसले. ४ ऑक्टोबर २०२४ ला तर मंत्रालयात जे घडलं ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी इतर काही आमदारांसह तिसऱ्या मजल्यावरून संरक्षक जाळीवर उडी मारली. सोशल मीडियावर जोक्सचा पाऊस पडला. पण ज्या दिंडोरी मतदारसंघातून ते निवडून येतात, त्यातच पेठ तालुका आहे. आणि धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घ्यायला विरोध या मागणीबरोबर त्यांची दुसरी मागणी होती ती हीच, पेसा भरती करा. त्यानंतर सरकारने या उमेदवारांना नेमणुका द्यायचं ठरवलं, पण हंगामी आणि मानधन तत्त्वावर. आपल्या भाषेत, ‘प्रोबेशन विदाउट कन्फर्मेशन’.

पण मेरिटचं काय?

या प्रश्नाला टाळायचं कारण नाही. सर्जरी करणाऱ्याला सर्जरी यायलाच हवी, मग तो कोणीही असो. पासिंगची परीक्षा सगळ्यांना सारखीच असते. डिग्री सवलतीत मिळत नाही. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कामाचं मेरिट कशात मोजायचं? नीटच्या स्कोअरमध्ये, की किती गरोदर बायका तुमच्यावर विश्वास ठेवून वेळेत आल्या यात? कॉर्पोरेटमध्ये आपण ‘कस्टमरची भाषा बोलणारा माणूस’ भरती करतो आणि त्याला स्किल म्हणतो. इथेही ते स्किलच आहे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. आदिवासी डॉक्टरने आयुष्यभर पाड्यावरच राहायचं का? तिला कॉलेज रोडला एसी क्लिनिक टाकावंसं वाटलं तर? टाकू दे की! तुमच्या-माझ्यासारखाच तिचाही तो हक्क आहे. आदिवासींच्या सेवेची सगळी जबाबदारी आदिवासी डॉक्टरांच्या गळ्यात बांधायची आणि बाकीच्यांनी मोकळं व्हायचं, हा तर सरळसरळ सोयीचा हिशेब झाला. उपाय एकच, संख्या वाढवणं. एक-दोघी असतील तर त्यांच्यावर ओझं पडणार. पन्नास असतील तर काही शहरात जातील, काही विद्यापीठात शिकवतील आणि काही आपणहून घाट उतरून परततील. आणि बाहेरून येणाऱ्या डॉक्टरनेही बोली शिकायला हवी, हे वेगळं सांगायला नकोच.

या सगळ्यात नाशिकची गंमत अशी, की महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच, दिंडोरी रोडवर आहे. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय इथेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकला सरकारी मेडिकल कॉलेजही मिळालं. तिन्ही गोष्टी पेठपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर. त्यांच्यामधला रस्ता फक्त पेठच्या मुलीला सापडायला हवा.

तुम्ही काय करू शकता?

* शिकवा : फिजिक्स-केमिस्ट्री अजून आठवतंय? आश्रमशाळेतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना महिन्यातून दोन शनिवार द्या. पण द्यायचे तर वर्षभर द्या. एकदा जाऊन ग्रुप फोटो काढून येण्यात काही अर्थ नाही.
* फॉर्म भरा : स्कॉलरशिप, हॉस्टेल, व्हॅलिडिटी, कॅप राउंड... ऑनलाइन फॉर्ममध्ये तुम्ही एक्स्पर्ट आहात. एका मुलीचा एक फॉर्म वेळेत भरला गेला तर एक वर्ष वाचतं.
* सीएसआर मीटिंगमध्ये बोला : कंपनी दरवर्षी ब्लँकेट्स वाटते ना? त्याऐवजी एएनएम आणि नर्सिंगच्या मुलींचं हॉस्टेल, पुस्तकं, नीटची फी असा पर्याय सुचवा.
* हॉस्पिटलात कान उघडे ठेवा : ‘कोट्यातून आलीये वाटतं’ ही कुजबुज वेटिंग रूममध्ये ऐकलीत, तर हसून सोडून देऊ नका.

पेठमध्ये आज एखादी मुलगी बारावी सायन्सला असेल. तिची आई बागेत, वडील बांधकामावर, आणि ती आश्रमशाळेच्या हॉस्टेलमध्ये बायोलॉजीचं पुस्तक उघडून बसलेली. तिला आपली सहानुभूती नकोय. तिला वेळेवर शिक्षक हवाय, वेळेवर दाखला हवाय आणि पास झाल्यावर वेळेवर ऑर्डर हवीय. एवढं मिळालं, तर पाच-सात वर्षांनी पेठमधलीच एखादी आजारी बाई शेजारणीला विचारेल, ‘आपल्या ओळखीची डॉक्टर आहे का गं?’

आणि शेजारीण म्हणेल, ‘आहे ना!’